मागून तापतो, आतून गार होत नाही

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड): काका, नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही १९९२ सालची एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली. गाडी झकास आहे, फ्रीज मात्र छळतोय. तो गॅसवर, घरच्या २३० व्होल्टवर आणि गाडीच्या १२ व्होल्टवर, अशा तिन्हींवर चालतो. जुलैमध्ये कॉर्नवॉलला गेलो. बाहेर २८ अंश होतं. सकाळी निघताना सामान भरून फ्रीज सुरू केला, वाटेत १२ व्होल्टवर ठेवला, पोचल्यावर गॅसवर. नॉब शेवटच्या आकड्यावर. तरी दुसऱ्या दिवशी दूध नासलं आणि श्रीखंडाचं पार पन्हं झालं. आतला थर्मामीटर १४ दाखवत होता. मागच्या बाजूला हात लावून पाहिला तर चांगलाच गरम. ज्योत निळी दिसते. ह्यांनी मार्चमध्येच ‘थंडावा टिकेल’ म्हणून फ्रीजच्या मागे आणि डोक्यावर जाड फोम ठासून बसवलाय. इथला एक मेकॅनिक म्हणाला, ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ दुसरा म्हणाला, नवीनच घ्या, सातशे-आठशे पौंड. काय करू?

उत्तर: बाकीचं नंतर वाचा, आधी तो फोम काढा. आजच. गॅसवर फ्रीज चालतो तेव्हा त्याच्या पाठीशी खरोखरची ज्योत जळत असते आणि तिची गरम हवा फ्लूच्या, म्हणजे धुराड्याच्या, नळीतून वर जाते. तिथे फोम म्हणजे शेगडीमागे कापूस. ते काम होईपर्यंत गॅसवर फ्रीज लावू नका. आणि गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर श्रीखंडाच्या आधी तो घ्या.

यजमानांवर रागावू नका. घरच्या फ्रीजचं शहाणपण त्यांनी इथे वापरलं एवढंच. पहिल्या मेकॅनिकनेही तेच केलं. ‘गॅस भरा’ हे घरच्या कॉम्प्रेसरवाल्या फ्रीजला लागू. तुमच्याकडचा फ्रीज त्या जातीचाच नाही. त्यात भरण्याचा गॅस नाही, भरायला तोंडही नाही. कारखान्यात एकदा बंद केलेलं नळ्यांचं जाळं आहे, ते तसंच राहतं किंवा गळून मरतं. दुसरा कुठला ‘गॅस’ असेल तर तो सिलिंडरमधला, आणि त्याचं काम फक्त आग द्यायचं.

हो, आग. लोकांना इथेच हसू येतं. १९२२ साली स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन पोरांनी हा फ्रीज काढला, आणि १९२५पासून इलेक्ट्रोलक्सने तो बाजारात आणला. हॉटेलच्या खोलीत जो आवाज न करणारा छोटा फ्रीज असतो ना, तोही बहुतेक याच घराण्यातला. आत पाण्यात विरघळलेला अमोनिया असतो. खाली बॉयलर तापला की अमोनियाची वाफ वर चढते, मागच्या बाजूला वर पत्र्याच्या पापुद्र्यांची जाळी आहे तिथे निवते आणि थेंब थेंब होऊन आत उतरते. आत तिला हायड्रोजन भेटतो. त्याच्या सोबतीत अमोनिया चटकन उडून जातो आणि जाताना तुमच्या दुधातली उष्णता घेऊन जातो. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटतं, तसंच. मग खालच्या वेटोळ्यात पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं आणि मिश्रण वाहत बॉयलरकडे येतं. मोटर नाही, पंप नाही. सगळा कारभार उष्णतेवर आणि उतारावर.

तेव्हा मागून गरम लागतो ही तक्रार नाही, लागायलाच हवा. खरा प्रश्न एवढाच, की ती उष्णता पुढे जाते कुठे. तुमच्या गाडीच्या बाहेरच्या अंगाला दोन जाळ्या असतील, एक खाली, एक वर. खालून गार हवा आत येते, पापुद्र्यांना घासून तापते आणि वरून निघून जाते. धुराड्याचंच तत्त्व. तुमच्याकडे धुराड्यात फोम भरलाय. वाफ निवत नाही, थेंब होत नाही, मग नॉब कितीही फिरवा. उलट जास्त फिरवाल तितकी जास्त उष्णता त्याच कोंडीत ओतता.

फोम काढताना एक भान ठेवा. फ्रीजच्या चारही कडांना गाडीच्या आतल्या बाजूने जी सीलची पट्टी असते ती मात्र काढायची नाही. जळलेला वायू तुमच्या झोपायच्या जागेत येऊ नये म्हणून ती असते. म्हणजे आतून बंद आणि मागून मोकळं. पापुद्रे आणि गाडीची भिंत यांच्यात दोन-अडीच सेंटिमीटरचीच जागा बरी. फार मोठी पोकळी असेल तर हवा आळशासारखी बाजूने निघून जाते, पापुद्र्यांना शिवतच नाही. तिथे पत्रा वाकवून हवेला पापुद्र्यांकडे वळवा. फ्रीजच्या डोक्यावरची जागासुद्धा पत्र्याने तिरकी बंद करा, नाहीतर गरम हवा तिथेच डेरा टाकते. हिवाळ्यात लावायची प्लॅस्टिकची झाकणं जाळ्यांवरून काढलीत ना, तेही बघून घ्या. हसू नका. माझ्याकडे जुलैत आलेल्या गाड्यांमध्ये दरवर्षी एक तरी तशी असायची.

आता उतार. याबद्दल मी थोडा लांबण लावणार आहे, कारण माझं सगळं शिक्षण त्यातच झालं.

मी या धंद्यात पडलो तो तळकोकणातल्या एका दवाखान्यात. तिथे लशींसाठी रॉकेलवर चालणारा फ्रीज होता. यंत्र हेच, फक्त ज्योत रॉकेलच्या वातीची. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, आणि पावसाळ्यात वीज म्हणजे पाहुणी. तिथल्या सिस्टर दर शनिवारी वात कात्रीने सरळ कापायच्या, काच पुसायच्या, आणि मग फ्रीजच्या डोक्यावर स्टीलची ताटली ठेवून ती काठोकाठ पाण्याने भरायच्या. पाणी ज्या बाजूने आधी सांडेल, त्या बाजूच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मला वाटायचं, काहीतरी व्रतवैकल्य दिसतंय. एकदा दवाखाना झाडताना कोणीतरी फ्रीज सरकवला आणि पुठ्ठे उडवले. दोन दिवसांत आतला काटा ११वर. मी बर्नर खोलून बसलो, वात बदलली, हात काळे करून घेतले. सिस्टर आल्या, ताटली ठेवली, पाणी भिंतीकडे सांडलं. पुठ्ठे परत घातले. दुसऱ्या सकाळी काटा ५वर. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त ताटली पुसून ठेवली.

पुढे इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका शेडमध्ये एकवीस वर्षं कॅरव्हान आणि कॅम्परव्हॅनचे फ्रीज खोलले. ताटलीच्या जागी स्पिरिट लेव्हल आली, एवढाच फरक. गाडी उभी केली की बर्फाच्या खणाच्या तळावर लेव्हल ठेवा, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. जुन्या फ्रीजला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त कल सहन होत नाही. चाकाखाली पाचर घाला, बुडबुडा मध्ये आणा. चालत्या गाडीत काळजी नको, हेलकाव्यांनी हिशेब बरोबर होतो. उभ्या गाडीत मात्र मिश्रण नळीच्या एखाद्या वळणात अडकून बसतं, बॉयलर कोरडा तापतो, आणि असं वारंवार झालं तर आतली नळी कायमची चोंदते. कॉर्नवॉलची रानं तर उताराचीच. तुमची गाडी तिथे कशी उभी होती, ते पत्रात नाही. माझी पैज आहे, समुद्र दिसावा म्हणून तोंड खाली करून.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘सकाळी निघताना सुरू केला’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. ताई, या फ्रीजला घाई चालत नाही. थंडीचा मागमूस लागायलाच चार-सहा तास, नीट गार व्हायला अख्खी रात्र. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरासमोर २३०वर लावा. साधारण १२५ वॅटचा एलिमेंट आहे, बिलाची चिंता नको. सामान घरच्या फ्रीजमधून आधीच गार झालेलं भरा. कोमट आमटीचा डबा आत ठेवलात तर रात्रभराची कमाई गेली. आतल्या पापुद्र्यांना डबे टेकवू नका, जाळीच्या कप्प्यावर कागद अंथरू नका. पोळ्यांच्या डब्याला फ्रीज लागत नाही, ती जागा दुधाला द्या.

१२ व्होल्टचंही एक गुपित आहे. ती सोय गार करायला नाही, गार झालेलं टिकवायला आहे. त्यातही जुन्या गाडीत तार बारीक असते. हिशेब सांगतो. १२ व्होल्टला १२० वॅट घेणारा एलिमेंट १० अँपिअर ओढतो. बॅटरीपासून फ्रीजपर्यंत सहा मीटर, जाऊन-येऊन बारा मीटर तांब्याची तार, आणि ती दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर जवळजवळ १.४ व्होल्ट तारेतच जिरतात. वर गंजलेला कनेक्टर असेल तर आणखी. एलिमेंटच्या उष्णतेचा हिशेब व्होल्टच्या वर्गाने चालतो: १३.५ व्होल्टला तो दीडशे वॅट देईल, ११ला जेमतेम शंभर. इंजिन चालू ठेवा, फ्रीज १२वर लावा, आणि मल्टिमीटर थेट फ्रीजमागच्या जोडपट्टीवर टेकवा. फ्रीज बंद ठेवून मोजलंत तर आकडा छान येईल आणि फसवेल. १२च्या खाली असेल तर सहा चौरस मिलिमीटरची तार ओढून घ्या, योग्य फ्यूजसकट. इंजिन बंद झाल्यावर ही सोय आपोआप तुटायला हवी. नसेल तर तुमची बॅटरी दुपारभरात रिकामी होईल.

आता खरी परीक्षा. फोम काढून, गाडी सपाट उभी करून, फ्रीज रिकामा, २३०वर, नॉब पूर्ण. आत मधल्या कप्प्यावर पाण्याचा पेला आणि त्यात थर्मामीटर. हवेत लटकवलेला थर्मामीटर दार उघडताच पळतो, पाण्यातला खरं बोलतो. बारा तास दार उघडायचं नाही, मुलांना सांगून ठेवा. बाहेर २० अंशांच्या आसपास असताना पेला ५च्या खाली गेला तर तुमचा फ्रीज ठणठणीत आहे आणि सातशे पौंड वाचले. हे फ्रीज बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली नेतात, त्याहून जास्त त्यांच्याकडून मागू नये. म्हणूनच उन्हाळ्यात गाडी उभी करताना फ्रीजच्या जाळ्यांची बाजू सावलीत ठेवा.

२३०वर गार होतो आणि गॅसवर नाही, असं निघालं तर दोष ज्योतीचा. निळी ज्योत ही चांगली खूण, पण पुरेशी नाही. जेटच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोंडाच्या, केसाएवढ्या भोकात कोळ्याने जाळं केलं की ज्योत निळीच राहते, फक्त बारीक होते. फ्लूच्या नळीत काजळी धरते. त्या नळीत पीळ दिलेली पत्र्याची पट्टी तारेला लटकलेली असते, उष्णता अडवून बॉयलरला देण्यासाठी. आधीच्या मालकाने साफ करताना ती बाहेर काढली आणि ‘ही कशाची?’ म्हणून फेकून दिली, असे नमुने मी पाहिलेत. जेटमध्ये सुई कधीच घालायची नाही, भोक मोठं होतं. तो काढून स्पिरिटमध्ये भिजवतात आणि फुंकतात. पण हे काम तुम्ही नको, गॅस सेफच्या (ब्रिटनमधल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत नोंदणीच्या) यादीतला, एलपीजीचं काम येणारा माणूस बोलवा. ‘तीन-मार्गी फ्रीजची सर्व्हिस’ असं स्पष्ट विचारा, नाहीतर घर तापवायच्या बॉयलरवाला येऊन डोकं खाजवेल.

तिन्हींवर सारखाच कमजोर निघाला तरच फ्रीजवर संशय घ्या. तेव्हाही आधी दाराचं रबर बघा. दारात कागदाची पट्टी धरून ओढा, अडकली पाहिजे. पूर्वी आम्ही पाच पौंडांची नोट वापरायचो, ती प्लॅस्टिकची झाली तेव्हापासून कुठल्याही दारातून घसरते. रबर कडक झालं असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने शेकून बसवा. आतल्या पापुद्र्यांवर बर्फाचा थर असेल तर तो उतरवा, सुरीने खरवडू नका. आणि नॉबपासून निघणारी बारीक नळी आतल्या पापुद्र्यांना क्लिपने धरलेली असते, ती सुटून लोंबत असेल तर फ्रीज भलतंच तापमान मोजत बसतो.

एवढं करून उन्हात अजून थोडं कमी पडलं, तर कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा वरच्या जाळीच्या आत, हवा बाहेर फेकेल असा लावा. खाली बर्नरजवळ लावू नका, ज्योत विझेल. हा पंखा तीसेक वर्षांच्या फ्रीजला नवा जन्म देतो, हे मी पैजेवर सांगतो. समुद्राची पैज हरलो तर कळवा.

प्रश्न (चिंचवड): मी एका जुन्या प्रवासी टेम्पोची कॅम्परव्हॅन बनवतोय. जर्मनीतला भाऊ असा तीन-मार्गी फ्रीज पाठवतो म्हणतोय, वापरलेला पण चालू. मेमध्ये ताडोबाला जायचा बेत आहे. घेऊ का?

उत्तर: नको. वरचा पंचवीस अंशांचा हिशेब इथे लावा. मेमध्ये चंद्रपूरकडे ४४-४५ अंश असतात. त्यातून पंचवीस वजा केले तर हातात वीस. वीस अंशांना फ्रीज म्हणत नाहीत, माठ म्हणतात, आणि माठ स्वस्त पडतो.

तुम्ही १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज घ्या. पन्नासेक लिटरचा चालू असताना ४५-५० वॅट घेतो, तेही सलग नाही, मध्ये मध्ये थांबतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात तो थांबण्यापेक्षा चालेलच जास्त, म्हणजे दिवसाला साठेक अँपिअर-अवर धरा. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि छतावर २०० वॅटचं पॅनेल एवढ्यात ऊन असताना भागतं. भावाच्या फ्रीजने १२ व्होल्टवर तासाला दहा अँपिअर-अवर, न थांबता, खाल्ले असते. गाडी थोडी कलती असली तरी कॉम्प्रेसरवाल्याला फरक पडत नाही, आणि गॅस व फ्लूची भानगड नाही.

दोन गोष्टी मात्र याच्याही बाबतीत पाळा. कॉम्प्रेसरच्या बाजूला हवा खेळती ठेवा, सुंदर दिसावं म्हणून प्लायवूडच्या खोक्यात गाडू नका. आणि तार जाड घ्या. बारीक तारेतून व्होल्ट पडले की हा फ्रीज ‘बॅटरी संपली’ समजून स्वतःच बंद होतो. बॅटरी भरलेली, फ्रीज मेलेला, आणि तुम्ही ऊन टळायची वाट बघत टेम्पोत. भावाला म्हणावं, पाठवायचंच असेल तर एक चांगला मल्टिमीटर पाठव.

प्रश्न (ऑकलंड): आमच्या जुन्या व्हॅनच्या फ्रीजमागे पिवळी पावडर जमली आहे आणि नाकाला झोंबणारा वास येतो. मित्र म्हणतो, फ्रीज काढून एक दिवस उलटा ठेव, चालू होतो. खरं आहे का?

उत्तर: मित्राचं औषध आहे, पण दुसऱ्या रोगावर. नळीत मिश्रण अडकून बसलं असेल तर फ्रीज उलटा, आडवा, पुन्हा सरळ असा फिरवून कधी कधी ते सुटतं. माझ्या हातून दहात तीन-चार सुटले असतील. पुन्हा लावण्याआधी दिवसभर सरळ उभा ठेवावा लागतो.

तुमचा फ्रीज अडकलेला नाही, गळलाय. झोंबणारा वास अमोनियाचा. पिवळी पावडर सोडियम क्रोमेटची, नळ्या आतून गंजू नयेत म्हणून मिश्रणात घालतात ती. ती विषारी आहे. हाताने पुसू नका, झाडू नका, मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा. फ्रीज तिन्हींवरून बंद करा, आतला हायड्रोजनही त्याच वाटेने निघत असतो, म्हणून जवळपास काडी ओढायची नाही. गाडीची दारं उघडी टाका. वास गेल्यावर माणूस बोलवून फ्रीज काढून घ्या. डाग देऊन ही नळी जोडता येत नाही. मागचं अख्खं कूलिंग युनिट बदलता येतं, पण जुन्या मापाचं मिळालं तर, आणि मिळालं तरी किंमत नव्या फ्रीजच्या जवळ जाते.

नवा घेताना जागेचं माप खोलीसकट घ्या. तिथेच सगळे चुकतात.